तळवे दाखवा

आमच्या आत्याने जन्मात कुणाला ‘दुखणार नाही’ असं सांगितलं नाही. सुई हातात घेतली की ती सरळ म्हणायची, “दुखेल. पण मी आहे ना.” आणि तुम्ही ‘आई गं’ म्हणेपर्यंत दंडावर कापूस दाबून तिने पुढच्याला हाक मारलेली असायची. भिलाईच्या स्टील प्लांटच्या दवाखान्यात तिची सगळी नोकरी भाजलेल्यांच्या वॉर्डात गेली. भट्टीवरून उचलून आणलेल्या माणसाला खोटा धीर देऊन भागत नाही, हे ती तिथेच शिकली असावी. घरी मात्र तिच्या या खरेपणाचा आम्हाला भारी जाच व्हायचा. माझ्या लग्नात मी मोठ्या हौसेने विचारलं, “आत्या, कशी दिसते मी?” तर भर मांडवात म्हणाली, “जाड दिसून राहिली. साडी चांगली आहे.”

लग्न तिने केलं नाही. भिलाईतल्याच रुआबांधा वस्तीत आमच्याकडेच, म्हणजे आपल्या भावाकडे, राहायची. सारी वस्ती तिला सिस्टरबाई म्हणायची. रिटायर झाल्यावर घरात बसणं तिला जमेना. हळद-तिखटाच्या डब्यांवर तिने औषधाच्या बाटल्यांसारख्या चिठ्ठ्या डकवल्या, फोडणी देण्याआधी आईला हात धुवायला लावलं, तेव्हा आईने देवाला साकडं घातलं असणार. कारण त्याच उन्हाळ्यात मशिदीशेजारच्या हॉलमध्ये हजला जाणाऱ्यांची तयारी करून घ्यायला कुणीतरी जाणतं माणूस हवं होतं, आणि तिथली माणसं आत्याला बोलवायला आली. सगळ्यांत जास्त आनंद आईला झाला.

शेजारच्या एका बाईंनी नाक मुरडून विचारलं, “तुम्ही कावून जाता तिकडे? तुमचं काय काम?” आत्या भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “भाजल्यावर सगळ्याइचं कातडं एकसारखंच सोलते. मले तेवढंच समजते.”

लसीचा दिवस म्हणजे आमच्याकडे सणच. सरकारी पथक यायचं, त्यांचे डॉक्टर एका टेबलाशी आणि आत्या शेजारच्या खुर्चीत. मेंदूज्वराची सुई सगळ्यांना, म्हाताऱ्यांना शिवाय फ्लूची, आणि शेवटी पोलिओचे थेंब. या थेंबांची मजा मी कधी विसरणार नाही. रोलिंग मिलमध्ये ज्यांच्या आवाजाला माणसं टरकायची असे दाढीवाले बुजुर्ग आ वासून ओळीत बसलेले, आणि दारात त्यांची नातवंडं खुदुखुदु हसताहेत. एक चाचा थेंब गिळून उठेचनात. त्यांनी डाव्या हाताची करंगळी पुढे केली. “सिस्टर, निशान तो लगाओ. बच्चों को लगाते हो, हमको क्यों नहीं?” आत्याने अगदी गंभीर चेहऱ्याने पेन काढला आणि त्यांच्या नखावर टिंब काढून दिलं. मग काय, मागचे सगळेच करंगळ्या पुढे करू लागले.

पण तिची खरी शिस्त होती पायांची. “सुई सरकार देते, पाय तुमचे तुमाले सांभाळा लागतेत,” असं ती म्हणायची. तिकडे दिवसचे दिवस चालायचं, तेही अशा उन्हात. मशिदीच्या दाराशी चप्पल हरवली आणि तापलेल्या रस्त्यावर अनवाणी निघालं, तर तळवे तव्यावर ठेवल्यासारखे भाजतात. त्यातून साखरेच्या आजाराने ज्यांचे पाय बधिर झालेले असतात त्यांना चटका कळतच नाही. म्हणून चप्पल दारात सोडायची नाही, पिशवीत घालून गळ्यात अडकवायची. आणि झोपण्याआधी तळवे पाहायचे. एकट्याने आरशात, जोडप्याने एकमेकांचे. “तळवे दाखवा” असं ती म्हणाली की हॉलभर पाय वर व्हायचे. लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोचा पाय हातात घेतलेले एक गृहस्थ लाजेने लालबुंद झाले होते. बायको मात्र मजेत बसली होती.

त्या हॉलमध्ये एका वर्षी तपासणीच्या दिवशी साबिराबी आली. साबिराबी ही आत्याची जुनी मैत्रीण. दोघी मूळच्या विदर्भातल्या, तुमसरकडच्या, त्यामुळे बोलणंही एका मुलखातलं. सणावाराला त्यांची बिर्याणी आमच्याकडे नाही तरी शेवया यायच्याच, आणि आमच्याकडचे अनारसे तिकडे जायचे. तिचा नवरा प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर कामाला होता. रिटायर झाल्यावर दोघांनी मिळून हजला जायचं ठरलं होतं, पण तो त्याआधीच वारला. पुढे कितीदा अर्ज करून शेवटी तिचा नंबर लागला होता, धाकट्या भावासोबत. ती खुशीत होती. नवऱ्याच्या नावानेही तिकडे दुआ मागायची, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

तिला साखरेचा आजार होता आणि ती भर उन्हाळ्यात मोजे घालून आली होती. आत्याची नजर त्यावर गेली नसती तरच नवल.

“मोजे कावून घातले वं?”

“पाय थंडे पडून राहिले.”

“काढ.”

साबिराबी इकडेतिकडे पाहू लागली. आत्याने तिला कोपऱ्यात नेलं, खाली बसून स्वतःच मोजा उतरवला. अंगठ्याखाली तळव्याला जखम होती. कडा जाड झालेली, आत ओली. साबिराबी हळूच म्हणाली, “दुखत नाही ना मले. मग कायची जखम?”

“दुखत नाही, तेच तर वाईट आहे.”

“सिस्टर, कोणाले सांगू नको. डॉक्टरनं पाहिलं तर मले पास नाही करणार.”

“सांगाच लागते, साबिरा.”

“म्हणजे मी जाऊ नाही, असं वाटते तुले?”

“तू गेली पाहिजे. पाय घेऊन गेली पाहिजे, अन् पाय घेऊन वापस आली पाहिजे.”

आत्या उठली आणि तिने डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी तंदुरुस्तीच्या दाखल्यावर सही केली नाही, आणि त्या दाखल्याशिवाय कुणाला जाता येत नसे. जखम भरली तर पाहू, म्हणाले. साबिराबी मोजा चढवून घरी गेली. त्या दिवशी आत्या जेवली नाही. मी म्हटलं, थोडं थांबून सांगितलं असतं तर? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी ताट उचलून आत गेले.

दुसऱ्या सकाळी ती मलमपट्टीचं सामान घेऊन साबिराबीच्या दारात उभी राहिली. गाडीवर मीच सोडलं होतं तिला, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं. साबिराबीने दार उघडलं, पण तोंड उघडलं नाही. पलंगावर बसली, भिंतीकडे पाहिलं आणि पाय तेवढा पुढे केला. आत्यानेही विनवणी केली नाही. जखम धुतली, पट्टी केली, जाड स्पंजची चकती मधोमध कापून अशी बसवली की उभं राहिलं तरी जखमेवर भार येऊ नये. मग तिच्या भावजयीला बजावलं, “हिले चालू द्यायचं नाही. संडासले गेली तर धरून न्या.” रोज हेच. पाय बोलायचा, जखम बोलायची, त्या दोघी बोलायच्या नाहीत. आत्या जखमेशीच गप्पा मारायची. “आज लाल दिसून राहिली, चांगलं आहे.” “रात्री गोड खाल्लं वाटते कोणीतरी.” गोडाचं निघालं की भिंतीकडे तोंड केलेल्या साबिराबीचे कान लाल व्हायचे.

जखम सावकाश भरत गेली. बाकीच्यांच्या सुया होऊन गेल्या, सामानाच्या पिशव्या शिवून झाल्या, आणि इकडे आत्या घरात सगळ्यांवर खेकसायची. भात मऊ झाला तरी चूक, कडक झाला तरी चूक. शेवटी उरलेल्यांसाठी पथक परत आलं त्या दिवशी डॉक्टरांनी साबिराबीचा तळवा दाबून पाहिला, वळवून पाहिला आणि सही केली. त्यांच्याकडेच सुई घेऊन ती परत गेली असती. पण ती उठून आत्याच्या खुर्चीपाशी आली, बाही वर केली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याशी बोलली.

“दुखंल का वं?”

“दुखेल,” आत्या म्हणाली आणि तिने चष्मा काढून पुसला. सुई मात्र नेमकी बसली.

दुर्ग स्टेशनवर आम्ही साबिराबीला निरोप दिला. पुढे टीव्हीवर तिकडच्या उन्हाच्या बातम्या लागल्या की आत्या उठून अंगणात जायची. फोन आला की ना सलाम ना दुआ, पहिला प्रश्न पायाचा. साबिराबीचा भाऊ वैतागून म्हणायचा, “सिस्टर, बाकी भी कुछ पूछो!”

आत्या आता नाही. तिच्याबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. कुणाचा हात तिने वाचवला, कुणाला रात्र रात्र जागून पाणी पाजलं, हे मी लोकांच्याच तोंडून ऐकलं आणि ऐकताना छाती फुगली. पण माझा स्वतःचा अभिमान आहे तो एका दुपारचा, साबिराबी परत आली त्या दुपारचा. घर माणसांनी भरलं होतं. खजूर वाटले जात होते, मक्केहून आणलेलं जमजमचं पाणी दिलं जात होतं, बाया या नव्या हाजीबीचे हात डोळ्यांना लावत होत्या. आत्या मागे दाराशीच उभी. साबिराबीने तिला पाहिलं आणि हाताने सगळ्यांना बाजूला केलं. तख्तावर बसली, चपला काढल्या आणि दोन्ही पाय पुढे केले.

“पाहून घे, सिस्टर.”

आत्या चष्मा लावून जमिनीवर बसली. टाच धरली, अंगठ्याखालची जागा दाबली, बोटं एकेक करून उघडली. उन्हाने रापलेले, भेगाळलेले, पण धडधाकट पाय. “चांगले आहेत,” ती म्हणाली. आणि उठायच्या ऐवजी तिने वाकून त्या पायांवर डोकं ठेवलं.

“अवं, काय करून राहिली!” साबिराबीने पाय मागे ओढले. “आमच्यात नाही चालत असं.”

“तुमच्यात नसंल,” आत्या म्हणाली. “आमच्यात तीर्थाहून आलेल्याचे पाय धरतेत. आतापर्यंत तपासले, आता नमस्कार केला.”

साबिराबी तख्तावरून खाली उतरली आणि आत्याच्या शेजारी जमिनीवर बसली. बराच वेळ दोघी तिथेच बसून होत्या, आणि कुणीही त्यांना उठा म्हटलं नाही.