ट्रकात राहिलेली साखळी

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या वर्षीचा मे महिना. वादळाने कामणच्या पलीकडच्या एका गावात विजेचे खांब लोळवले होते. सकाळी सहाला हुकूम आला आणि अकराला आमची तुकडी कामाला लागली. आठ जवान, एक ट्रक आणि मी, इंजिनियर रेजिमेंटचा हवालदार. राहायला मी विरारचा, मनवेलपाड्याचा, पण हे गाव माझी सासुरवाडी. तिथे वर्दीत जायला मिळालं म्हणून मी मिशीला पीळ भरून गेलो होतो. आता लपवून काय करायचं?

युनिटमध्ये मी वीजसुरक्षेचा इन्स्ट्रक्टर होतो. जवान मला उस्ताद म्हणत. माझा धडा ठरलेला होता. लाइन बंद करा. फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा. टेस्टर लावा. मग बांबूच्या आकड्याने, खालूनच, सगळ्या तारांवर अर्थिंगची साखळी टाका. नंतरच खांबावर चढा. साखळी असली की चुकून कुठून करंट आला तरी तो जमिनीत जातो, माणसात नाही. जो चुकेल त्याला मी भर उन्हात ग्राउंडला पाच चकरा मारायला लावत असे.

दुपारी बायकोचे चुलतकाका आले. त्यांच्या मुलीची त्या दिवशी हळद होती.

"जावयबापू, सांजंला हालद हाय. लाईट येल ना?"

"चार वाजता. लिहून ठेवा."

चारचौघांत बोललो. जावयाची ऐट, दुसरं काय!

तीन वाजता शेवटचा खांब उभा राहिला. ट्रक तार आणायला कामणला गेला होता. मी तिन्ही फ्यूज काढून खिशात टाकले, टेस्टर लावला. लाइन मेलेली होती. सॅपर, म्हणजे आमच्या रेजिमेंटचा साधा जवान, बबनने बेल्ट कसला. हा पोरगा साताऱ्याकडचा, बावीस वर्षांचा. ग्राउंडला एकही चक्कर न मारलेला माझा एकमेव विद्यार्थी.

"उस्ताद, साखळी?"

"ट्रकात राहिली."

"ट्रक येऊ द्या की."

"अरे, फ्यूज माझ्या खिशात आहेत. चढ. चारचा वायदा आहे."

"जी, उस्ताद."

तो अर्ध्या खांबावर असताना हळदीच्या मांडवात लाउडस्पीकर सुरू झाला. मला बरं वाटलं. मी बुटाने ठेकाही धरला. गावात लाइट नाही, तारा मेलेल्या, मग हा भोंगा वाजतोय कशावर, हे त्या क्षणी उस्तादाला सुचायला नको होतं का? मांडववाल्याने जनरेटर आणला होता. घराचा मेन स्विच बंद न करताच त्याने तो घरच्या वायरिंगला जोडला होता. करंट उलटा खांबावरच्या तारांत आला होता.

बबनने तार धरली. आवाज केला नाही. बेल्टला लोंबकळला.

"जनरेटर बंद करा! बंद करा रे!" मी ओरडत मांडवाकडे धावलो. गाणं थांबलं. बबनला खाली घेतलं तेव्हा तीन चाळीस झाले होते. मी छाती दाबत राहिलो. चारच्या सुमारास ट्रक आला. साखळी मागच्या फाळक्याला टांगलेली होती.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मेजरसाहेबांनी विचारलं, "चेन लगाई थी?"

"जी साब. ऊपर जाके उसने निकाली होगी."

ट्रकवाले आणि बाकीचे जवान माझ्याविरुद्ध बोलले नाहीत. माझा हुद्दा मोठा होता. कागदावर लागलं, जवानाचा हलगर्जीपणा.

बबनचे वडील त्याची पेटी न्यायला युनिटमध्ये आले. धोतर, हातात टोपी. माझ्यापुढे हात जोडून म्हणाले, "पोरगं चुकलं, साहेब. तुम्ही इतकं शिकवलं, त्यानं तुमच्या नावाला बट्टा लावला. माफी करा." मी त्यांचे हात धरले. "असू द्या," म्हणालो. असू द्या! माझी जीभ झडली कशी नाही?

रिटायर झाल्यावर विरारला वायरमन मंडळींना मी हाच धडा शिकवू लागलो. सांगायचो, एका जवानाने साखळी काढली आणि मेला. पाच वर्षं मी असं सांगितलं. मेलेल्याला पुन्हा पुन्हा चुकीचा ठरवला.

मग एके दिवशी अर्नाळ्याकडचा एक म्हातारा वायरमन उभा राहिला.

"काका, साखली खालून टाकतान. वर चढलेला मानूस ती कशाला काढंल?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी खडू खाली ठेवला. म्हणालो, "त्याने काढली नाही." आणि खुर्चीवर बसलो. उरलेलं बसूनच सांगितलं.

त्या आठवड्यात मी साताऱ्याला गेलो. वडील वारले होते. पोराच्या चुकीची लाज घेऊनच गेले, असं बबनच्या आईने सांगितलं. मी तिला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "ह्यांना सांगायचं होतं."

आता वर्ग सुरू करताना मी आधी फळ्यावर नाव लिहितो, सॅपर बबन. मग सांगतो, ह्याने साखळी मागितली होती. मी दिली नाही.