वीरेशला दिलेली माफी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी फोन करून सांगते!

सोलापूरच्या एमआयडीसीत आमचा फवारणी पंपांचा कारखाना. सांगोल्याच्या डाळिंबबागांत आमचेच पंप दिसतात. पंपाच्या टाकीवर आपोआप झाकण बसवणारी लाइन — तिचं डिझाइन माझं. आधी कॉम्प्युटरवर सगळी मशिनं उभी करायची, यंत्राचा हात फिरवून बघायचा, मग खरं लोखंड कापायचं. काय मजा असते त्यात! खुर्चीत बसून अख्खा कारखाना नाचवायचा.

मालकांना दाखवायच्या दिवशी तो हात स्टँडवरच्या सेन्सरच्या पट्टीला धडकायला लागला. स्क्रीनवर लालभडक खूण. दुरुस्तीला अर्धा दिवस हवा, आणि मालक चहा घेऊन समोर बसलेले. मग मी काय केलं असेल? — पट्टी स्क्रीनवरून लपवली. एक क्लिक. हात असा झोकात फिरला की मालकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर दुरुस्त करायचं विसरले म्हणू? नाही हो. टाळ्या घेतल्यावर चूक सांगायची लाज वाटली. ड्रॉइंग तसंच पुढं गेलं.

लाइन उभी केली वीरेशनं. वळसंगचा, कानडी-मराठी एका दमात बोलणारा, अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं हसणारा माझा दोस्त. पूजा झाली, बटण दाबलं — आणि हात खाडकन पट्टीवर! झाकण उडून थेट पेढ्यांत.

“अय्यय्यो मॅडम, स्टँड मीच चुकीचा बसवलाय की!” वीरेश सगळ्यांसमोर म्हणाला. त्यानं स्टँड बोटभर मागं घेतला, आणि लाइन सुरू! पंपामागून पंप. असेंब्लीतल्या बायकांनी फुगडी धरली, मी शिट्टी मारली. इतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते.

आणि त्याच आनंदात — कसं सांगू? — मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “असू दे रे, होतं कधी कधी.” ऐकलंत ना? माझ्या चुकीबद्दल मी त्याला माफ केलं!

तेव्हापासून तो दर हिवाळ्यात शेतावर हुरड्याला बोलावतो. मॅडमनी लई सांभाळून घेतलं, असं बायकोला कौतुकानं सांगतो. मी शेंगाचटणी लावून हुरडा चापते, गाणी म्हणते, पोट दुखेपर्यंत हसते. खोटं हसत नाही — तेच तर.

गेल्या आठवड्यात दुसरी लाइन ठरली. मालकांनी वीरेशला प्रमुख केलं, तर म्हणाला, नको, पहिल्या खेपेला चुकलोय मी, दुसऱ्या कुणाला द्या. दिलीही दुसऱ्याला. मी शेजारीच उभी होते.

वीरेशनं स्टँड बरोबर बसवला होता. ड्रॉइंगमध्ये होता तिथंच. चुकले होते मी.