वीरमातेचं भाषण

राष्ट्रगीत संपलं की आमच्या बाईंची टीका सुरू होई. गीत चालू असताना त्या इतक्या ताठ उभ्या राहत, की वाऱ्याने पदर उडाला तरी हात हलत नसे. शेवटचा जयजयकार झाला की घसा साफ करून म्हणत, "आता जरा खाली बघा. परवापासून सांगते आहे, तरी मैदान झाडलेलं नाही. एवढ्या कचऱ्यात झेंडा उभा केलात, लाज नाही वाटली?" स्वातंत्र्यदिनाचे लाडू हातात घेऊन आम्ही मुली निमूटपणे केर गोळा करायला लागायचो. पाहुणे म्हणून आलेले साहेब खुर्चीत चुळबुळत. त्यांनाही उठावं की बसावं ते कळत नसे.

झाशीच्या रेल्वे वसाहतीजवळच्या मुलींच्या शाळेत त्या नागरिकशास्त्र शिकवीत. हिंदी मुली त्यांना बहनजी म्हणत, आम्ही चार मराठी घरांतल्या मुली बाई म्हणत असू. आमची मराठी भुसावळ-नागपूरकडून गाडीत बसून आलेली. बाईंची दोनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून आलेली. त्यांचं माहेर झाशी जिल्ह्यातल्याच गुरसरायचं, जुन्या मराठी कारभाऱ्यांच्या घराण्यातलं. 'कशाला' न म्हणता त्या 'कशास' म्हणत, आणि मुलींना हाक मारताना 'गे'. नवरा रेल्वेत गार्ड होता, तो तापाने गेला तेव्हा मुलगा मधू पाळण्यात होता. बाईंचं उजवं मनगट वाकडं होतं. फळ्यावर लिहिताना अक्षरं वर चढत जात. लग्नाआधी झेंडा घेऊन मिरवणुकीत चालल्या होत्या, तेव्हा पोलिसाची काठी बसली होती. हे मला आईकडून कळलं. बाईंनी कधी सांगितलं नाही.

पुस्तकात धडा होता, 'आपली नगरपालिका'. तो वाचून झाल्यावर बाईंनी पुस्तक मिटलं आणि आम्हाला रांगेने सदर बाजाराच्या पलीकडे एका मोहल्ल्यात नेलं. तिथे एका नळावर बायका घागरी घेऊन भांडत होत्या, आणि जरा अंतरावर काही बायका रिकाम्या घागरी घेऊन मुकाट बसल्या होत्या. बाईंनी त्यांना विचारलं, "आप लोग काए बैठी हो?" एक म्हातारी म्हणाली, "हम नल नईं छू सकत, बेटा. सबको भर जाए, फिर कोऊ डार देत है." परत येताना बाई एवढंच बोलल्या, "धडा खोटा नव्हे. अर्धा आहे. उरलेला तुम्ही लिहायचा आहे."

यावर एका मुलीच्या वडिलांनी तक्रार केली, की बहनजी मुलींना देशाविरुद्ध शिकवतात. मोठ्या बाईंच्या खोलीत ते गृहस्थ तावातावाने बोलत होते. "हे राणीचं गाव आहे, बहनजी. इथल्या मातीत देशभक्ती आहे." बाई शांतपणे म्हणाल्या, "राणी इथली खरी. पण ज्याने इंग्रजांना वेशीचं दार आतून उघडून दिलं असं लोक सांगतात, तो कुठला? तोही इथलाच, भाईसाहब. माती दोघांची एकच." मग जरा मऊ होऊन त्या म्हणाल्या, "पाहुणा माणूस घरातल्या जळमटांबद्दल बोलत नाही. घरचा माणूस बोलतो. मी इथे पाहुणी नाही." ते गृहस्थ जाताना मुलीचं नाव शाळेतून काढून घेऊन गेले.

मधूला फौजेत जायचं होतं. एकुलता एक, विधवेचा मुलगा. साऱ्या वसाहतीला वाटलं, बाई अडवतील. त्यांनी अडवलं नाही. माझ्या आईने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या मुलांनी जायचं आणि मी वर्गात कर्तव्यं शिकवायची, हे कसं जमेल?" मधू मोठा हसरा. सुटीत आला की आमच्या दारात उभा राहून ओरडायचा, "काकू, आई आज कोणाला रागावली?" बाईंच्या रागाची चेष्टा करणारा जगात तो एकटाच होता.

मग चीनशी लढाई सुरू झाली. बाईंनी साऱ्या शाळेला लोकर विणायला बसवलं. नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही मोजे विणायचो, टाका चुकला की बाई उसवायला लावायच्या. "तिथे गारठा तुमची चूक माफ करणार नाही." त्यांनी स्वतःचं मंगळसूत्र, नवऱ्यामागे पेटीत ठेवलेलं, संरक्षण निधीला दिलं. फौजेच्या गाड्या झाशीवरून जात, तेव्हा वसाहतीतल्या बायका पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घेऊन फलाटावर उभ्या राहत. बाई सगळ्यांत पुढे.

त्यातल्या एका गाडीत मधू होता. आधी कळवलेलं नव्हतं. तो डब्यातून उतरून एकदम समोर उभा राहिला. माझी आई आणि मी शेजारीच होतो. बाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, पुऱ्या दिल्या आणि मग त्यांची नजर खाली गेली. त्याच्या पायांत कापडी बूट होते. अंगात सुती गणवेश.

"हे कशास? तुम्ही बर्फात चालला आहात ना?"

"वर मिळणार आहेत, आई. गरम कपडे, बूट, सगळं."

"वर कोण देणार? देव?"

मधू हसला. बाकीचे जवानही हसले. बाई मात्र डब्याडब्यातून वाकून पाहत चालल्या, प्रत्येकाच्या पायांकडे. फलाटावर एक अधिकारी उभा होता, त्याला त्यांनी विचारलं. तो नम्रपणे म्हणाला, "माताजी, आप चिंता न करें." शिट्टी झाली. बाईंनी स्वतःच्या अंगावरची शाल काढली, चालत्या गाडीच्या खिडकीतून आत टाकली. ती मधूला मिळाली, की दुसऱ्या कोणाला, कोण जाणे.

तार आली ती 'बेपत्ता' अशी. मृत नव्हे. त्या शब्दाने बाईंना रडताही येईना. शेजारणी जमल्या. बाई दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या. हजेरी घेतली. फळ्यावरची अक्षरं मात्र त्या दिवशी वर चढत चढत चौकटीपर्यंत गेली.

लढाई थांबल्यावर गावात मोठी सभा झाली. ज्यांची मुलं परतली नव्हती त्यांचा सत्कार होता. बाईंना मंचावर बसवलं, 'वीरमाता' म्हणून शाल दिली. मी आई-वडिलांबरोबर पुढच्या सतरंजीवर होते. पाहुणे म्हणून आलेले पुढारी छान बोलले. बोलण्याच्या भरात म्हणाले, की आपल्या जवानांना कशाचीही उणीव नव्हती, शत्रूने दगा दिला म्हणून हे झालं. टाळ्या पडल्या. बाई उठल्या आणि सरळ माईकपाशी गेल्या. लोकांना वाटलं, आभार मानणार.

"मैं मधुकर की माँ हूँ," त्या म्हणाल्या. "शत्रूने दगा दिला हे खरं. पण माझ्या मुलाच्या पायात कापडी बूट होते. मी पाहिले आहेत. तुमच्यापैकी ज्या बायका फलाटावर होत्या, त्यांनीही पाहिले आहेत. ते बूट शत्रूने दिले नव्हते. ते कोणी दिले, हे मला विचारायचं आहे. मला शाल नको, उत्तर पाहिजे. नाहीतर पुढची मुलंही अशीच जातील."

मला वाटतं, त्या क्षणी एखाद्या बाईने उठून 'हो, आम्हीही पाहिले' म्हटलं असतं, तर पुढचं टळलं असतं. माझी आई उठायला लागली होती. बाबांनी तिचा हात घट्ट धरला. "सरकारी नोकरी आहे," ते पुटपुटले, "खाली बस." तेवढ्यात मागून कोणी ओरडलं, "गद्दार!" मग दुसरा, मग सगळीकडून. माईक बंद झाला. बाईंचे ओठ हलत राहिलेले दिसत होते.

पुढचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत. बाईंच्या दाराला कोणी डांबर फासलं. दूधवाला येईनासा झाला. ज्या मुलींनी त्यांच्या हाताखाली मोजे विणले होते, त्या रस्ता बदलून जायला लागल्या. शाळेच्या समितीने बोलावून सांगितलं, "बहनजी, माफी माँग लीजिए, बात खतम. दुःखाच्या भरात बोलले म्हणा." बाई म्हणाल्या, "दुःखाच्या भरात मी रडते. बोलले ते शुद्धीवर." नोकरी गेली. आई बाईंसाठी बाबांच्या डोळ्यांदेखत डबा घेऊन जायची. बाबा बघायचे, पण अडवायचे नाहीत. एवढीच त्यांची हिंमत, आणि ती त्यांना पुरेशी वाटत नसणार, कारण सभेबद्दल ते आमच्या घरात पुन्हा कधी बोलले नाहीत.

उन्हाळ्यात मधूच्या पलटणीतला एक जवान बाईंना शोधत आला. झाशीजवळच्या बरुआसागरचा होता. मी डबा घेऊन गेले होते तेव्हा तो ओसरीवर बसलेला होता, पायांची बोटं कापलेली. त्याने सांगितलं, बर्फात मधूचे पाय काळे पडले होते, चालवेना म्हणून मधूनेच इतरांना पुढे पाठवलं. "आप सही बोलीं, अम्मा," तो म्हणाला, आणि रडायला लागला. "पर हमसे नहीं बोला जाएगा. पेन्शन है, बच्चे हैं."

बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "तू कशास बोलतोस, बाळा? तू चाललास तेवढं पुष्कळ. बोलायचं काम न गेलेल्यांचं."

तो गेल्यावर त्या आत गेल्या, दार लावून घेतलं. त्या दिवशी मी बाईंना पहिल्यांदा मोठ्याने रडताना ऐकलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या भाड्याचं घर सोडून गुरसरायला, भावाकडे गेल्या.

मी पुढे शिकून झाशीतच शिक्षिका झाले. माझ्या भावाला परदेशात नोकरी लागली, तेव्हा जाण्याआधी तो माझ्याबरोबर बाईंना भेटायला आला. बाई थकल्या होत्या, पण अंगणात चार मुलींना शिकवीत होत्या. भावाला वाटलं, इथे आपलं पटेल. तो म्हणाला, "बाई, तुमचं तेव्हाच बरोबर होतं. ह्या देशाचं काही होणार नाही. सडलेला आहे नुसता."

बाई एकदम उसळल्या. "असं मी कधी म्हटलं? जळमटं काढा म्हणणं वेगळं आणि घराला काडी लावून निघणं वेगळं. तुम्ही जा, सुखात राहा. पण माझ्या मधूच्या देशास माझ्या अंगणात बसून नावं ठेवू नका." भाऊ वरमला. निघताना पाया पडला, तर बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि हलकेच म्हणाल्या, "तिकडे लोक नावं ठेवतील तेव्हा मात्र भांडा."

पुढे आणखी एक लढाई झाली आणि आपण जिंकलो. झाशीत पुन्हा सोहळा ठरला. संयोजक मोटार घेऊन गुरसरायला गेले. मीही त्यांच्याबरोबर गेले, बाई माझ्या ओळखीच्या म्हणून. बाईंनी विचारलं, "दोन शब्द बोलू द्याल?" ते हात जोडून म्हणाले, "माताजी, आप बस विराजिए. बोलने वाले बहुत हैं." बाईंनी थोडा विचार केला. मग आत जाऊन मधूचा गणवेशातला फोटो घेऊन आल्या. "हा न्या. हा काही बोलत नाही." संयोजकांना वाटलं, माताजींनी सन्मान केला. फोटो त्यांनी आनंदाने नेला.

सोहळ्यात तो मंचावर खुर्चीत ठेवला होता. हार इतके पडले की गणवेश दिसेना, नुसता चेहरा. सारं मैदान उभं राहिलं. त्यात असे कितीतरी चेहरे होते, ज्यांना मी पहिल्या सभेत ओरडताना पाहिलं होतं. ते आता डोळे पुसत होते, आणि खोटे पुसत होते असं मला म्हणता येणार नाही.

फोटो मागून घेऊन मी गुरसरायला गेले. बाई अंथरुणाला खिळल्या होत्या. फोटो उशाशी ठेवून म्हणाल्या, "टाळ्या वाजवल्या लोकांनी?"

"खूप, बाई. सगळे उभे राहिले होते."

"बरं झालं. मधूला आवडलं असतं." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आणि कोणी बोललं?"

"पुष्कळ भाषणं झाली."

"भाषणं नव्हे गे," बाई म्हणाल्या. "बोललं का कोणी?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी डोळे मिटले. पाऊस सुरू होण्याआधीच त्या गेल्या, तेव्हा मी वर्गात होते.