मला ऐकू न येणारी खडखड

आमची ही गेली त्याला सात महिने झाले. भेटायला येणारे म्हणतात, बाबा, मागचं आठवत बसू नका. बसू नको तर काय करू? घरात मला दुसरं काम नाही. आणि मला सारखी जी गोष्ट आठवते ती काही चांगली नाही. चौथी शिकलेला माणूस आहे मी, जमेल तसं लिहितो.

तेव्हा मी भोसरीला एका छोट्या कारखान्याच्या मालकाची गाडी चालवायचो. गाडी जुनी, दोन मालक फिरून आलेली. त्याआधी नऊ वर्षं मी एका मोठ्या कंपनीत हॅमर शॉपला होतो. लाल लोखंडावर खोलीएवढा हातोडा पडतो, पायाखालची फरशी हादरते, आणि शिफ्टभर तेच. तिथं बोलून उपयोग नसतो. आम्ही हातानं बोलायचो. मूठ वर केली की थांब, दोन बोटं दाखवली की चहा. हीच सवय घरी आली. आमच्या चाळीत हॅमरवाल्यांची चार बिऱ्हाडं होती. चारी घरांत बायका ओरडून बोलायच्या आणि पुरुष बोटं दाखवायचे. त्याला कुणी आजार म्हणत नव्हतं. हॅमरवाल्याचं घर असंच असतं, एवढंच आम्हाला माहीत.

पुढं माझा खांदा गेला. गाडीचं लायसन होतं म्हणून साहेबांकडं ड्रायव्हर लागलो. जाड, घोगरे आवाज मला यायचे. इंजिनची घरघर यायची, साहेब जरा चढ्या आवाजात बोलायचे ते यायचं. बारीक, चिरके आवाज गेले होते. पण जे कानावर पडतच नाही ते गेलं हे माणसाला कळणार कसं?

मला कळलं ते असं. एक दिवस साहेबांना घेऊन चाकणला चाललो होतो. मोशी मागं टाकली तसे साहेब मागून म्हणाले, "हे काय वाजतंय रे?"

मी कान दिला. घरघर होती, दुसरं काही नव्हतं.

"बघतो साहेब," म्हणालो.

"आता थांबलं. हे बघ, परत आलं. खडखड खडखड. येतंय ना?"

"येतंय साहेब."

काही येत नव्हतं. हिवाळ्याचे दिवस, पण घामानं माझी पाठ सीटला चिकटली. बहिरा ड्रायव्हर कोण ठेवतो? खांदा गेलेला माणूस हॅमरवर परत कोण घेतो? दोन पोरी शाळेत होत्या. मी ठरवलं, कुणाला कळू द्यायचं नाही. आवाज शोधायचा, काढून टाकायचा, विषय संपला.

पण जो आवाज येत नाही तो शोधायचा कसा? दोन-तीन दिवसांनी धीर करून साहेबांनाच विचारलं, "साहेब, साधारण कधी येतो हो आवाज?"

"तू पुढं बसतोस, इंजिन तुझ्या नाकासमोर, आणि मला विचारतोस?"

परत विचारलं नाही.

नाक्यावर एका मुसलमान मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज होतं. म्हातारा, हाताला गुण असलेला, तोंडानं फटकळ. त्यानं मला तीन गोष्टी विचारल्या. इंजिन थंड असताना का गरम झाल्यावर? रेस दिल्यावर का सोडल्यावर? घट्ट ठोकल्यासारखा का पत्र्यासारखा?

दुसऱ्या एका ड्रायव्हरच्या तोंडून कधीतरी ऐकलेलं मी ठोकून दिलं. "सकाळी चालू केल्या केल्या. ठक ठक. घट्ट."

त्यानं इंजिनचं वरचं झाकण उघडून व्हॉल्व्हचे सगळे टॅपेट बघितले, सेट केले. नाक्यापासून एक चक्कर मारून आला. "मला तर काय येत नाही," म्हणाला. गाडी घेऊन गेलो. दुसऱ्याच दिवशी मोशीच्या पुढं साहेब म्हणाले, "आज तर जास्तच वाजतंय."

परत मिस्त्रीकडं. त्यानं लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक चालू इंजिनवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. असं चार ठिकाणी केलं. मग तो माझ्या हातात दिला. "तू ऐक. गाडी तुझ्या हातातली."

मी मूठ कानाला लावली, डोळे बारीक केले, मान हलवली. "हां, खाली आहे थोडं."

"खाली?" मिस्त्री म्हणाला. "मला नाही आलं बुवा. तुझे कान तेज दिसतात." त्यानं पुसायच्या फडक्याला हात पुसले. "खाली असेल तर बेरिंग. मग इंजिन उतरवावं लागेल."

माझ्या एका खोटेपणानं चांगलं इंजिन खाली उतरायची वेळ आली. मी साहेबांना सांगितलं. साहेब वैतागले. शनिवारी त्यांना बायकापोरांना घेऊन नाशिकला लग्नाला जायचं होतं. म्हणाले, "शुक्रवारपर्यंत नक्की काय ते सांग. वाटेत गाडी बंद पडली तर तुझं काही खरं नाही."

त्या बुधवारी रात्री मी अर्धी भाकरी तशीच ठेवून ताट सरकवलं. ही समोर बसली होती. म्हणाली, "काय झालंय?" मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "मला तो आवाज येतच नाही."

"ठाऊक हाय मला," ही म्हणाली. "दोन वर्सं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुमाला आलं न्हाई."

मला हसू आलं नाही तेव्हा. आता येतं.

गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असायची. ट्रायल घेऊन येतो म्हणून साहेबांकडून चावी मागून घेतली आणि हिला गाडीत बसवलं. पोरी शेजारी ठेवल्या. हिचं माहेर पुनावळ्याचं, लग्नापर्यंत बैलगाडी आणि नंतर एसटी, एवढंच वाहन हिला माहीत. पुढच्या सीटवर चांगलं लुगडं नेसून, हात मांडीवर ठेवून, फोटोला बसल्यासारखी बसली. मी सांगितलं, आवाज आला की हात वर करायचा, गेला की खाली.

मोशीपर्यंत हात मांडीवरच.

"आला का?" मी विचारलं.

"आला तर हात करीन की. गप चालवा."

नदीचा पूल गेला, पुढं चढ लागला, मी रेस दिली आणि हात वर गेला. पाय काढला, हात खाली. परत दाबला, परत वर. तीन आठवडे जी गोष्ट माझा जीव खात होती ती मला पहिल्यांदा दिसली. मी पुन्हा पुन्हा दाबून बघत होतो. इंजिन गरम झाल्यावर येतो, रेस दिल्यावर येतो, सोडल्यावर जातो. नेमकं कळत होतं. मी खूश होऊन हिच्या हाताकडंच बघत होतो.

मग ही काहीतरी ओरडली. दुसरा हात जोरजोरात हलवायला लागली. मला वाटलं, आवाज वाढला असं सांगतेय. मी आणखी रेस दिली. तेवढ्यात हिनं माझी बाही धरून मला अंगावर ओढलं. गाडी डावीकडं गेली, दोन चाकं डांबरावरून मातीत उतरली. समोरून आलेला कांद्याचा ट्रक उजव्या खिडकीला चिकटून गेला. एवढा जवळून की गोणीची सुतळी दिसली. क्लीनर दारावर हात आपटत होता, त्याच्या तोंडाची उघडझाप होत होती.

गाडी थांबली. मी विचारलं, "काय म्हणाला तो?"

"तुमच्या आईचा उद्धार केला." ही म्हणाली. "केव्हाचा हॉर्न वाजवीत व्हता त्यो. अख्ख्या चिंबळीला ऐकू गेला आसंल."

इंजिनच्या घरघरीत तो चिरका हॉर्न मला एकदाही आला नव्हता. मी बघत होतो हिच्याकडं, आणि गाडी आपोआप रस्त्याच्या मधोमध सरकत गेली होती.

मग हीच म्हणाली, "डाळ उकळल्यावर पातेल्यावरचं झाकण वाजतं ना, तसा हाय. पत्र्याचा. पुढनं येतो, माझ्या बाजूनं. चला, मिस्त्रीला दाखवू."

गरम गाडी तशीच गॅरेजला नेली. मिस्त्रीला सगळं धडाधड सांगितलं. गरम झाल्यावर, रेस दिल्यावर, पत्र्यासारखा, पुढं डावीकडून.

"परवा तर घट्ट म्हणत होतास," मिस्त्री म्हणाला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग गाडीत बसलेल्या हिच्याकडं बघितलं. फॅन बेल्ट काढला, गाडी चालू केली, रेस दिली. आणि मला सोडून हिला विचारलं, "भाभी, येतंय का?"

"न्हाई."

बेल्ट परत चढवला. "आता?"

"आता हाय. ऐका की, त्येच."

डायनामोच्या पुढं एक छोटा पत्र्याचा पंखा असतो, त्याला चीर गेली होती. बेल्टबरोबर डायनामो फिरायचा आणि तापल्यावर पंख्याचा तुकडा थरथरायचा. बस. मिस्त्रीनं भंगारातून एक जुना पंखा काढून बसवला. "यासाठी मी इंजिन उतरवणार होतो," म्हणाला. बॉनेट लावताना अगदी माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाला, "मी साहेबाला काय बोलणार नाही भाऊ. तुझं तू बघ."

मी सुटलो होतो. आवाज गेला, नोकरी राहिली, कुणाला कळलं नाही. घरी आल्यावर चहा मागितला. हिनं चहा ठेवला आणि माझ्याकडं पाठ करूनच काहीतरी म्हणाली. मला आलं नाही. मग वळून, तोंड समोर करून म्हणाली, "शनिवारी तुमी नाशिकला जायचं न्हाई."

"का? आवाज गेला ना?"

"गाडीचा गेला. ट्रकचा तुमाला आला का?"

"रस्त्याकडं लक्ष नव्हतं माझं."

"कानाला लक्ष लागत न्हाई. लेकरं बसणार हायत त्या गाडीत. उद्या साहेबाला सांगा. तुमी न्हाई सांगितलं तर मी सांगते."

"आणि खायचं काय? दगड?"

"ते बघू."

मी लई बोललो. तिच्या माहेरावर गेलो, तिच्या अडाणीपणावर गेलो. शुक्रवारी सकाळी मी निघालो तर ही दारात उभी, पायात चपला घालून. मी पुढं, ही मागं, कारखान्याच्या गेटपर्यंत. तिथं वॉचमनच्या खोलीशेजारी उभी राहिली.

केबिनमध्ये जाऊन मी सांगितलं. हॅमर शॉपपासूनचं सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि आवाज कुणी शोधला?"

"बायकोनं."

त्यांनी हात पुढं केला. मी चावी दिली. "स्टोअरला माणूस पाहिजे," म्हणाले. "सोमवारपासून तिथं बस. पगार स्टोअरचाच मिळेल." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

बाहेर आलो तर हिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या पुढनं तसाच निघून गेलो. पंधरा दिवस बोललो नाही.

साहेब दुसरा माणूस घेऊन नाशिकला जाऊन आले. स्टोअरच्या खिडकीशी थांबून म्हणाले, "जाता-येता एकदाही वाजलं नाही बरं का." ते मी घरी सांगितलं, तेवढ्यापुरतं बोललो. ही म्हणाली, "बरं झालं."

पुढं कितीतरी वर्षं भांडण झालं की मी काढायचो, तू माझी गाडी घालवलीस. तिनं एकदा जरी तो ट्रक काढला असता तर मी गप्प झालो असतो. तिनं काढला नाही. ती बरोबर होती हे मला तिथंच, मातीत चाकं असतानाच कळलं होतं. सांगायला चाळीस वर्षं होती. सांगितलं नाही.