साहेब, चार पाय आणि मुरबाड रोडवरचा रविवार

गेल्या मंगळवारी ऑफिसात डबा उघडला आणि नितीन म्हणाला, "ताई, साहेबांना विकून टाकू या."

माझा घास हातातच राहिला. पलीकडच्या टेबलावरच्या मॅडमनी दचकून केबिनच्या दाराकडे बघितलं. त्यांना काय माहीत, आमचे साहेब चार पायांचे आहेत आणि आंबिवलीजवळच्या एका गोठ्यात बांधलेले असतात!

नवीन वाचकांसाठी सांगते. मी राहते डोंबिवलीत, नोकरी ठाण्यात. साहेब म्हणजे आमचा शर्यतीचा बैल. कोसा रंग, डोळे मोठे, आणि हाक मारली की ऐकू न आल्यासारखं करायचं, म्हणून नाव साहेब. बैलगाड्यांच्या शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा आमच्या शेजारच्या विलासकाकांच्या डोक्यात हे खूळ शिरलं. काका एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीतून रिटायर झालेले, पण मूळचे मुरबाडकडचे. एकट्याला बैल झेपेना म्हणून त्यांनी मला ओढलं, मी नितीनला ओढलं, आणि ज्यांच्या गोठ्यात बैल राहणार ते जनार्दनदादा चौथे. कागद वगैरे काही केला नाही. आणला त्या दिवशी हळद लावताना ज्याचा हात ज्या पायावर पडला, तो पाय त्याचा. माझ्या वाट्याला मागचा उजवा आला. लाथ मारतो तोच.

दोन वर्षांत साहेबांनी काय काय दाखवलं म्हणून सांगू! सुटायला एक नंबर. अर्ध्या वाटेपर्यंत असा पळतो की अंगावर काटा यावा. मग कुणी बोलावल्यासारखा उजवीकडे सरकत सरकत धावपट्टीच्या बाहेर. एकदा प्रेक्षकांत घुसला, एकदा थेट उसाच्या रसाच्या गाड्यापाशी जाऊन उभा. मी कधी बदाम विकत आणले नाहीत इतके त्याच्यासाठी आणले. जनार्दनदादा ग्रुपवर त्याच्या शेणाचे फोटो टाकतात, तब्येत कळावी म्हणून. डबा खाताना हमखास तेच उघडतात.

"जुन्नरकडचं गिऱ्हाईक आहे," नितीन सांगत होता. "रविवारी माळशेज उतरून शर्यत बघायलाच येतंय. साहेब बरा पळाला तर घेऊन जाईल. काकांनी मान डोलावलीय. दादा काही बोलत नाहीत. तू हो म्हण, म्हणजे तिघं झालो."

"शर्यत बघते, मग सांगते," मी म्हणाले. रागच आलेला. पण खरं सांगायचं तर नितीनचं चूक नव्हतं. त्याच्या घरी लहान मुलगी आहे आणि त्याचे दर दुसऱ्या रविवारी गोठ्यात हेलपाटे.

तर रविवारी सकाळी डोंबिवलीहून कसारा लोकल पकडली. सुट्टीच्या दिवशी एवढ्या लवकर आरामात बसायला मिळतं. आंबिवलीला उतरून शेअर रिक्षा. गावाचं नाव न सांगता 'शर्यतीच्या बैलाचा गोठा' म्हणालात तर रिक्षावाला आधी विचारतो, "कुणाचा?" आणि मग आपलं मत ऐकवतो. आमच्या रिक्षावाल्याचं मत होतं, "साहेब ना? पलतो चांगला, पन सरल नाय."

गोठ्यात मंदावहिनी, म्हणजे जनार्दनदादांची बायको, ताट घेऊन उभ्या. दर शर्यतीआधी त्या बैलाला ओवाळतात. एरवी दोन मिनिटांत आटपतात. आज कुंकू लावलं, गूळ भरवला, पुन्हा कुंकू लावलं, शिंगांवरून हात फिरवला. मी म्हटलं, "वहिनी, उशीर होईल."

"होऊ दे," त्या म्हणाल्या. "मना घाई नाय."

मग मला एकदम कळलं, की इथे कुणाचं काय जाणार आहे. आम्ही तिघं रविवारचे मालक. पहाटे उठून त्याला धुणारी, ताप आला तर गोठ्यात गोधडी टाकून झोपणारी ही बाई. तिच्या नावावर एकही पाय नाही, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

पिकअपमध्ये मागे गवत पसरून साहेब, त्याच्याजवळ दादा, पुढे काका, नितीन आणि मी. रस्ता टिटवाळ्यावरून गोवेलीला निघतो आणि मुरबाड रोडला लागतो. टिटवाळ्याच्या पुढे खड्डे आहेत, स्वतःची गाडी असेल तर जपून. गोवेली नाक्यावर मिसळ खाल्ली, झणझणीत आणि पोटभर. पाव जादा मागितला तर भय्या तोंड वाकडं करत नाही, हे विशेष. काकांनी मिसळीत चमचा फिरवत हळूच सांगितलं, "पैरा जमवलाय हो. फोनवरच. बैल एकदम फॉर्मात आहे."

पैरा म्हणजे काय, ते सांगते. गाडीला बैल लागतात दोन, आणि आपल्याकडे असतो एक. मग दुसऱ्या मालकाच्या एका बैलाशी त्या दिवसापुरती जोडी जमवायची. मुलीचं स्थळ बघावं तितकं बारकाईनं बघतात लोक. वेग जुळायला हवा, स्वभाव जुळायला हवा आणि सगळ्यात आधी बाजू जुळायला हवी. कारण प्रत्येक बैलाची जुंपायची बाजू ठरलेली असते, एक उजव्या खांद्याचा तर एक डाव्या. आमचा साहेब उजवा. विकणाऱ्यानं तसं सांगितलेलं.

मैदान मुरबाडच्या अलीकडे, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत. जाणार असाल तर टोपी, पाण्याची बाटली आणि नाकाला रुमाल पाहिजेच, धूळ फार. बायकांसाठी सोय म्हणाल तर शून्य. मी शेजारच्या वाडीतल्या एका आजींच्या घरी गेले, त्यांनी वर ताकही दिलं. तिकीट नाही, वडापाव पंधरा रुपये. दोरीच्या अलीकडेच उभं राहा, फोटोसाठी पुढे जाऊ नका. जनावरांचे डॉक्टर प्रत्येक बैल तपासतात, चाबूक-काठी बंद आहे, आणि ते बरंच आहे.

आमच्या पैऱ्याचा बैल आला. पांढराशुभ्र, देखणा. त्याचा मालक म्हणाला, "आणा तुमचा, डावीकडं घाला. आमचा उजवा."

दादांनी काकांकडे बघितलं. काकांनी आभाळाकडे.

"काका," नितीन म्हणाला, "तुम्ही बाजू विचारली नाही?"

"अरे, तो बैलाचं इतकं कौतुक करत होता की..." काका चष्मा पुसायला लागले. चाळीस वर्षं कंपनीत व्हॉल्व्ह डावा की उजवा तपासत आलेला माणूस!

दुसरा बैल मिळायला वेळ नव्हता. पुढच्या फेरीत आमचा नंबर पुकारला गेला. तेवढ्यात जुन्नरचे पाहुणेही आले. साठीचे, डोक्याला टोपी, खांद्यावर नवंकोरं सुती दावं. बैल विकला तरी मालक आपलं दावं देत नाही, लक्ष्मी जाते म्हणतात. म्हणून घेणारा स्वतःचं दावं घेऊन येतो. दादांची नजर त्या दाव्यावर गेली आणि तिथेच राहिली.

"घाला डावीकडं," दादा म्हणाले. "जे होल ते होल."

आता एक कबूल करते. गाडी उभी राहिली तेव्हा मी मनातल्या मनात म्हणत होते, साहेबा, आज पळू नकोस रे बाबा. जा उसाच्या गाड्याकडे. स्वतःच्या बैलानं हरावं म्हणून देवाला हात जोडणारी मालकीण मैदानात मीच एकटी असेन.

झेंडा पडला. दोन गाड्या शेजारी शेजारी सुटल्या. साहेब नेहमीसारखा उसळला. अर्धी वाट आली. आता सरकणार म्हणून मी डोळे बारीक केले. सरकलाच तो उजवीकडे, पण उजवीकडे आज पांढरा होता! साहेब त्याच्या खांद्याला खांदा लावून टेकला आणि तसाच, सुतात, नाकासमोर पळत सुटला. दोन वर्षं जो बाहेर जायला जागा शोधत होता त्याला बहुतेक उजव्या अंगाला कुणीतरी हवं होतं. माझ्या तोंडून "पळ! पळ रे राजा!" असं कधी सुटलं ते कळलंच नाही. हरण्याची प्रार्थना गेली चुलीत. समोरची गाडी अर्ध्या गाडीनं मागे पडली आणि आम्ही झेंड्याच्या पार!

गुलाल उडाला. नितीन चक्क नाचत होता. ऑफिसात फाईल उचलतानाही ज्याची कंबर दुखते, तो. फायनलला आम्ही हरलो, दुसरा नंबर आला, पण ढाल मिळाली. दादा साहेबाच्या मानेवर डोकं टेकवून उभे होते. काका म्हणाले, "म्हणजे दोन वर्षं आपण याला चुकीच्या बाजूला जुंपत होतो."

"आनी शिव्या त्याला देत व्हतो," दादा म्हणाले.

तेवढ्यात पाहुणे जवळ आले. साहेबाच्या पाठीवरून हात फिरवला, पाय बघितले, माझाही बघितला. मग म्हणाले, "जनावर सोन्यासारखं हाय. पर मला उजवा पायजे. घरी माझा डावा हाय, त्याला जोड बघतोय. फोनवर उजवा म्हनला व्हता. आज डावीकडनं पळाला. उजवीकडनंबी असाच पळतो का? तुमचा शब्द धरतो, आत्ता नेतो."

सगळे नितीनकडे बघायला लागले. फोनवर बोलणारा तोच. दोन वर्षं आम्ही त्याला उजवीकडेच पळवला होता, म्हणजे 'पळतो' म्हणणं अगदी खोटंही नव्हतं. दादांनी मान खाली घातली.

नितीननं तोंडावरचा गुलाल पुसला, साहेबाकडे बघितलं आणि म्हणाला, "नाही पळत, मामा. उजवीकडून भरकटतो. बैल डावाच आहे, आम्हालाच आज कळलं. तुमच्या कामाचा नाही."

पाहुण्यांनी टोपी मागे सरकवली. मग हसले. "खरं बोललास. मी घेऊन गेलो असतो आन् वर्षभर तुला शिव्या घातल्या असत्या." त्यांनी खांद्यावरचं दावं काढलं आणि दादांच्या हातात दिलं. "रिकामं परत न्यायचं नसतं. हे यालाच बांधा."

परतीच्या वाटेवर कुणी विकण्याचा विषय काढला नाही. शेवटी मीच नितीनला विचारलं, "मग? मी हो म्हणू की नाही?"

"हो कशाला म्हणतेस?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "आता कुठे सरळ पळायला लागलाय. आणि पुढच्या वेळी मुलीला आणतो, तिला कुठे माहीत बाप नाचतो ते."

काका गोठ्यावरच रेंगाळले, आंबिवलीहून मी एकटीच लोकलनं आले. दिवसभराचा माझा खर्च चारशेच्या आत, रिक्षा, मिसळ आणि ताक धरून, ताकाचे आजींनी घेतले नाहीत. घरी आल्यावर केसांतला गुलाल तीन तांब्यांनी निघाला नाही. लोक मला नेहमी विचारतात, परवडतं का हे? खरं सांगते, नाही परवडत. रविवार जातो, डोकं जातं, आणि बहुतेक वेळा बैल उसाच्या गाड्याकडे जातो. पण चार माणसांनी दोन वर्षं एका मुक्या जनावराला नावं ठेवावीत आणि एका दुपारी त्यानं आपली बाजू दाखवून द्यावी, हे बघायला मी पुन्हा टिटवाळ्याचे खड्डे खायला तयार आहे.

भात टाकला आणि फोन वाजला. ग्रुपवर फोटो होता. या वेळी शेणाचा नव्हता. नव्या दाव्यानं बांधलेला साहेब, गव्हाणीत तोंड घालून. खाली व्हॉइस मेसेजमध्ये मंदावहिनींचा आवाज, ग्रुपवर पहिल्यांदाच: "ताई, जागा बदलली त्याची. आजपासना डावीकडं बांधलाय. बगा, कसा जेवतोय."

मी लगेच लिहिलं, "वहिनी, माझा मागचा उजवा पाय आजपासून तुमच्या नावावर. लाथ मारली तर तक्रार करायची नाही."

पलीकडून नुसतं हसणं आलं, बराच वेळ, आणि मागे साहेबाच्या गळ्यातली घंटा.