सात नंबरच्या खाटेजवळचं बेसिन

गोजराबाई सोनकांबळे अठ्ठावीस वर्षं तळघरात काम करत होत्या. वर सहा मजली हॉस्पिटल, दाराला काच, रिसेप्शनवर ताजी फुलं. आणि खाली, धुलाईखोलीला लागून, जंतूंची लॅब. बाई मूळच्या परभणीकडच्या. लग्न होऊन तुर्भ्याला आल्या, मग खारघरला फ्लॅट झाला, पण दिवसाचे नऊ तास तळघर काही सुटलं नाही. निवृत्तीला आठ महिने उरले होते.

काम सांगायला सोपं. वर आयसीयूत पेशंटला ताप चढला की त्याचं रक्त बाटल्यांत भरून खाली येई. बाटल्या मशीनमध्ये ठेवायच्या. रक्तात जंतू असले तर ते वाढत आणि मशीन ओरडे. त्याला ‘पॉझिटिव्ह’ म्हणत. साऱ्या इमारतीत हा एकच विभाग असा, जिथे पॉझिटिव्ह म्हटलं की माणसाचा चेहरा पडतो. पुढे ते जंतू प्लेटवर पसरायचे, त्यावर निरनिराळ्या औषधांच्या चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती स्वच्छ गोल पडतो. तो गोल किती मोठा, हे बाई पट्टी लावण्याआधीच सांगत आणि सहसा चुकत नसत.

मार्चमध्ये तीन आठवड्यांत आयसीयूतल्या चार पेशंटांच्या बाटल्या ओरडल्या. चारही प्लेटांवर तेच गुलाबी, बुळबुळीत ठिपके. बाईंनी तार टेकवून वर उचलली, तर ठिपक्याने एकतारी पाकासारखी लांब तार धरली. क्लेबसिएला. ओळख जुनी होती, पण वागणं नवं होतं. एकाही चकतीभोवती गोल नाही. पंगतीत एखाद्याने पानातली सगळी डावी बाजू खाऊन वर उजवीकडे हात घालावा, तसे जंतू चकत्यांच्या कडेपर्यंत जाऊन भिडले होते.

“मॅडम, हा काही ऐकेना झालाय,” बाई डॉ. हादियांना म्हणाल्या. डॉ. हादिया परकार लॅबच्या प्रमुख. वय चौतीस, माहेर श्रीवर्धनकडचं. बाईंना त्या ताई म्हणत आणि बाईंच्या अंदाजावर पुस्तकाइतका विश्वास ठेवत.

चौघांपैकी अय्युबभाई गेले. महाप्यातल्या कारखान्यात फिटर होते. ऑपरेशन अगदी व्यवस्थित झालं होतं, असं सर्जननी त्यांच्या बायकोला तीनदा सांगितलं.

मग मीटिंग झाली. प्रशासक कुलदीप सर मॅनेजमेंट शिकलेले होते, त्यामुळे त्यांना कारणापेक्षा जबाबदार व्यक्ती लवकर सापडे. जंतू हातांवाटे पसरतात, हे कुणीतरी म्हणालं. कुणाचे हात, एवढाच प्रश्न उरला. सरांनी कॅमेऱ्याचं फुटेज मागवलं. गेल्या वर्षी सात नंबरच्या खाटेजवळ खास ‘हँड हायजीन कॉर्नर’ उभारला होता. चकचकीत बेसिन, बगळ्याच्या मानेसारखा नळ, वर उद्घाटनाची पाटी. फुटेजमध्ये डॉक्टर, सिस्टर, सगळे कधी ना कधी तिथे हात धुताना दिसले. एकच बाई तीन आठवड्यांत एकदाही दिसली नाही. आया सखू.

“बघा,” कुलदीप सर म्हणाले, “पुरावा याहून वेगळा काय असतो?”

सखूला मेमो मिळाला आणि चौकशी होईस्तोवर तिची रवानगी धुलाईखोलीत झाली. म्हणजे गोजराबाईंच्या शेजारी.

पहिल्या दिवशी ती चादरींच्या ढिगावर बसून होती. बारा वर्षांत तिच्यावर एक तक्रार नव्हती. बाईंनी चहा नेऊन दिला.

“सखू, हात का नाही धुतलेस ग तू?”

“नाय कशी? दिसाला चालीस येला धुतंय मी, गोजराबाय!” सखू उसळली. ती बेलापूरकडच्या जुन्या गावातली. रागावली की गावची बोली तिच्या तोंडात दुप्पट व्हायची. “त्या बेसिनाव नाय धुत. नलाची धार बरोबर भोकाव परते, पानी अंगाव उडतं. पयल्या दिवशी लुगडं भिजलं माजं. मंग मी मागं गॅलरीतल्या नलाव जातंय. तिथं कॅमेरा नाय, ते काय माजं पाप हाय?”

बाईंनी आपला कप खाली ठेवला. “पाणी उडतं? कुठवर?”

“औषधाचा ट्रे ठेवतात, तिथवर.”

दुसऱ्या दिवशी गोजराबाई कापसाच्या काड्यांचा डबा घेऊन आयसीयूत गेल्या. इतक्या वर्षांत त्या तिथे चारदा आल्या असतील. सिस्टरांना वाटलं, चुकून आल्या. बाईंनी खाटांचे दांडे पुसले, मॉनिटरची बटणं पुसली, राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांचा मोबाइल मागून घेतला आणि तोही पुसला. सात नंबरजवळ जाऊन बेसिनच्या भोकात काडी पार आत घातली. तेवढ्यात एक सिस्टर आली, सलाइनच्या बाटलीत उरलेलं औषध तिने बेसिनात ओतलं आणि नळ सोडला. बाईंच्या बाहीवर शिंतोडे आले.

“रोज इथंच ओतता?”

“मग कुठे ओतणार?” सिस्टर म्हणाली.

खाली येऊन बाईंनी शेवटची काडी सखूच्या तळव्यांवर फिरवली.

प्लेटा बोलल्या त्या अशा. सखूच्या हातांवर कुणाच्याही कातडीवर असतात तसले दोन निरुपद्रवी जंतू, तेही अगदी मोजके. मोठ्या डॉक्टरांच्या मोबाइलवर बरीच वस्ती, पण आपला जंतू त्यात नाही. आणि बेसिनच्या भोकातल्या काडीने प्लेट भरून गुलाबी, बुळबुळीत शेत पिकवलं.

डॉ. हादियांनी जनुक ओळखणारं मशीन लावलं. तीन पेशंटांचे जंतू, अय्युबभाईंचे जंतू आणि भोकातले जंतू, सगळ्यांत एकच जनुक निघालं, औषध फोडणारं, एनडीएम नावाचं. एवढ्यावर न थांबता त्यांनी नमुने ओळखीच्या एका संशोधन संस्थेत पाठवले. तिथे जंतूंची सबंध जनुकीय लिपी वाचून झाली. पाचही जण सख्खे भाऊ शोभतील इतके सारखे. शिवाय भोकात दुसऱ्याच जातीचा एक जंतू होता, आणि ते जनुक त्याच्याकडेही पोचलेलं होतं.

“दुसऱ्या जातीत कसं गेलं?” सखूने विचारलं. आता तिचं जेवण लॅबच्या दाराशीच होई.

बाई म्हणाल्या, “जंतूच्या पोटात एक बारका छल्ला असतो बघ. औषध फोडायची कृती त्या छल्ल्यावर लिहिलेली. शेजारी दुसरा जंतू आला की हा छल्ल्याची नक्कल काढून त्याला देतो. पोरं होईपर्यंत थांबत नाही, जातपात बघत नाही.”

“म्हंजी कोलंबीच्या कालवनाची कृती शेजारनीला सांगावी तशी?”

“तशीच. फक्त आपण एखादा मसाला सांगायचा राखून ठेवतो, हे राखत नाहीत. आणि वर आपली माणसं रोज उरलेलं औषध त्यांच्या तोंडात ओततात. ज्यांच्यापाशी छल्ला नाही ते मरतात, छल्लेवाल्यांना सगळी मोरी मोकळी.”

अहवाल वर गेला तेव्हा एक भानगड झाली. एनडीएम या नावात ‘न्यू दिल्ली’ आहे. कुलदीप सरांनी तेवढंच वाचलं आणि गेल्या सहा महिन्यांत दिल्लीहून आलेल्या पेशंटांची यादी मागवली. एक कारकून तीन दिवस त्या कामाला जुंपला गेला. शेवटी पित्ताशयाच्या ऑपरेशनला आलेले एक गृहस्थ सापडले, जे डिसेंबरात भाचीच्या लग्नाला दिल्लीला गेले होते. सरांना हायसं वाटलं.

मग मात्र गोजराबाई प्लेट घेऊन स्वतःच मीटिंगला गेल्या. डॉ. हादिया पुढे, बाई मागे.

“सर, दिल्ली हे नुसतं नाव आहे,” डॉ. हादिया म्हणाल्या. “जंतू आपल्या बेसिनात राहतोय.”

“बेसिनात कसा राहील? ते तर इन्फेक्शन रोखायला बसवलंय!”

“ते त्याला कुणी सांगितलं नाही, साहेब,” बाई म्हणाल्या.

खोलीत कुणीतरी खोकलं. सरांनी प्लेटकडे पाहिलं, मग खुर्ची जराशी मागे घेतली. “पण पाटीवर चेअरमनसाहेबांचं नाव आहे. बाहेर काय सांगायचं?”

“बाहेरचं तुम्ही बघा. मेमो कुणाला द्यायचा, ते सांगा. एक तर बेसिनाला द्या, नाही तर सखूचा मागं घ्या.”

बाई असं बोलल्या, याचं सगळ्यांत जास्त नवल त्यांनाच वाटलं. खाली आल्यावर त्यांनी एक प्लेट उगाचच दोनदा पुसली.

आठवडाभरात बेसिन ‘तांत्रिक कारणास्तव’ बंद झालं. पाइप बदलले, नळ हलवला, औषध ओतायला वेगळं भांडं आलं. पाटी तेवढी राहिली. हॉस्पिटलच्या नोंदीत या सगळ्याला ‘नियमित देखभाल’ म्हटलं गेलं. डॉ. हादियांनी शोधनिबंध लिहिला, तर त्यात कुलदीप सरांचं नाव आपोआप उगवलं. गोजराबाईंचे शेवटी, बारीक अक्षरांत, ‘तांत्रिक कर्मचारी’ म्हणून आभार आले. डॉ. हादिया ओशाळून दाखवायला आल्या. त्या नाव घालायला भांडायला तयार होत्या. बाई म्हणाल्या, “नावाचं राहू द्या मॅडम, आधी मेमोचं काय झालं ते विचारा.”

मेमो फाइलमधून काढता येत नाही, असा नियम निघाला. त्यावर दुसरा कागद लावता येतो. म्हणून सखूच्या फाइलमध्ये आता एका कागदावर ती दोषी आहे आणि त्यावरच्या कागदावर ती निर्दोष आहे. पुढच्या सोमवारी ती आयसीयूत परतली. सिस्टरांनी तिला पेढे दिले, माफी कुणी मागितली नाही. तिने पेढे घेतले.

सात आठवडे मशीन त्या कारणाने ओरडलं नाही. जूनमध्ये ओरडलं. रक्त एका शाळेतल्या शिक्षिकेचं होतं. खारघरहून थेट घरातून आलेल्या, आयुष्यात आयसीयू न पाहिलेल्या. जंतू वेगळा, ई. कोलाय. जनुक तेच.

कुलदीप सर या वेळी स्वतः तळघरात आले. “आता कुणाच्या हाताने?”

“कुणाच्याच नाही, साहेब. आता ते गावात आहे. नाल्यात, मोरीत, कुणाच्या तरी पोटात.”

यादी कसली मागवावी ते सरांना सुचत नव्हतं. मग ते निघून गेले.

बाईंनी औषधांच्या चकत्या लावल्या. दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडाकडे धरली. सगळ्या चकत्यांशी जंतू भिडलेले. पण दोन औषधं एकत्र लावलेल्या जागी एक गोल होता, लहानसा, पण स्वच्छ. त्यांनी पट्टी लावून पाहिली, पुन्हा एकदा लावली आणि वर फोन करून औषधांची दोन नावं अक्षरं फोडून सांगितली. शिक्षिका अकराव्या दिवशी चालत घरी गेल्या. आपला जीव कुठल्या चकतीने वाचवला ते त्यांना कळलं नाही. जाताना त्यांनी मोठ्या डॉक्टरांना शाल दिली.