कोलमचा कौल

कोलम हॅनरहन आमच्या साप्ताहिकात बावीस वर्षं ‘कोलमचा कौल’ लिहीत होता. आठवड्याभरातल्या अडथळ्यांच्या शर्यतींत कुठला घोडा पुढे येईल, हे तो मागच्या पानावर सांगायचा. मी त्याची संपादक. टिपररी परगण्यातल्या निम्म्या घरांत आमचा पेपर मागूनच उघडला जायचा. पहिल्या पानावर मी काय लिहून डोकं फोडते, याचं कोणाला काही नव्हतं. त्याचा मला राग यायचा. अजूनही येतो.

माणूस कामात पक्का होता. शर्यतीच्या आधी मैदानावर जाऊन प्रत्येक अडथळ्यापाशी तो टाच रुतवून बघायचा. घोडा जिथून उडी घेतो तिथेही आणि जिथे उतरतो तिथेही. कुठल्या घोड्याला चिखल मानवतो, कुठला शेवटच्या अडथळ्याला कच खातो, हे त्याला तोंडपाठ. एकच गोष्ट त्याला कळायची नाही, आणि नेमकी तीच आमच्या धंद्यातली मेख आहे. इकडचे लोक एकच घोडा दोन-तीन मैदानांवर नोंदवून ठेवतात आणि नक्की कुठे धावणार ते आदल्या दिवशी जाहीर करतात. आमचा पेपर तर मंगळवारी संध्याकाळीच छपाईला जातो. म्हणजे गुरुवारी क्लॉनमेलच्या मैदानावर कोण येणार आणि रविवारी नेसच्या मैदानावर कोण, हे आम्हाला आधीच ओळखावं लागतं. हरलेल्या घोड्याबद्दल लोक माफ करतात. तबेल्यात उभ्या राहिलेल्या घोड्याबद्दल करत नाहीत.

ते ओळखायची ब्रीडा, त्याची बायको. सोमवारी दुपारी भांडी आवरली की ती बाहेरच्या खोलीत फोन घेऊन बसायची. घोडे तयार करणाऱ्यांच्या बायका, कोणाची आई, कोणाची बहीण, अशा सात-आठ जणी. कोणाचा गुडघा, कोणाच्या मेंढ्या, कोणाच्या सुनेचं नाक मुरडणं, असं दोन-दोन तास चालायचं. कोलम स्वयंपाकघरात, दाराआड, नावांची यादी पुढ्यात घेऊन बसलेला. ती आत आली की तो विचारायचा, ‘मग? कोण धावणार?’ मग ती पेन्सिल घेऊन यादीवर खुणा करायची. हा जाणार, हा घरी. फारशी चुकायची नाही. ती बायकांना गोड बोलून बातमी काढते असंच कोलम धरून चालला होता. मीही.

ब्रीडा नोव्हेंबरात गेली. पोटाचा आजार, कळल्यापासून पाच आठवडे. अंत्ययात्रेला अख्खा परगणा लोटला. कोलमनं तीनेकशे लोकांशी हात मिळवले आणि कबर खणणाऱ्याला सांगितलं की जमीन वरून ओली दिसते पण खाली अजून टणक आहे. पुढच्या मंगळवारी तो त्याच कोटात मजकूर घेऊन माझ्या टेबलापाशी हजर.

‘अरे, सुट्टी घे ना एखादा आठवडा,’ मी म्हटलं.

‘घेऊन काय करू?’

त्या आठवड्यात त्यानं नऊ घोडे दिले, त्यातले पाच धावलेच नाहीत. पुढच्या आठवड्यात सहा. बेटिंगच्या दुकानातल्या जेरी स्टॅकनं काचेवर कागद चिकटवला, ‘कोलमचे घोडे झोपलेत, आवाज करू नका.’ चर्चबाहेर लोक हाक मारायचे, ‘काय रे कोलम, उठला का तुझा घोडा? चहा पाठवू?’ कोलम मान हलवून पुढे जायचा. तिसऱ्या आठवड्यात जेरीनं कागद काढून टाकला आणि थट्टा बंद झाली. ते जास्त वाईट होतं.

आणि जे जिंकले त्यांचंही त्याला काही वाटत नव्हतं. कोणाच्या खिजगणतीत नसलेला एक घोडा एकास बारा भावानं जिंकला. पूर्वी असा घोडा लागला की तो दोन दिवस टोपी मागे सरकवून गावभर फिरायचा. मी मुद्दाम फोन करून सांगितलं तर म्हणाला, ‘हो का. बरं.’ दार लावून घेतलेल्या घराशी बोलल्यासारखं वाटलं मला.

पेपरच्या मालकाची चिठ्ठी आली की डब्लिनहून तयार अंदाज विकत मिळतात, तेच छापा. मालकावर कशाला ढकलू, निरोप मीच दिला. ‘कोलम, हा शेवटचा आठवडा. ती घोडी, किल्ब्राइड लेडी, कुठे धावणार ते तरी नीट सांग. सगळा परगणा तिच्यावर पैसे लावायला टपलाय. ते बरोबर आलं तर मी मालकाशी भांडेन.’

‘आणि नाही आलं तर?’

‘तर कॉलम बंद.’

‘बरं,’ तो म्हणाला. त्याच्याकडे आता त्या कॉलमशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी मी बोलले.

पण मन खात होतं, म्हणून सोमवारी दुपारी मीच त्याच्या घरी गेले. ब्रीडाची नंबरांची वही शोधली, चहा केला आणि फोन त्याच्या मांडीवर ठेवला. ‘कर. तुझ्या बायकोनं केलं, तुला काय झालं?’

पहिल्या बाईला त्यानं नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, ‘तुमचा तो तांबडा गुरुवारी धावणार का?’ ती म्हणाली, नवऱ्याला विचार. फोन बंद. दुसरीनंही तेच केलं. पोलिसानं जबानी घ्यावी तसं विचारल्यावर कोण सांगणार? तिसरा फोन फिलोमीना क्वर्कला. किल्ब्राइड लेडी तिच्या नवऱ्याची, मॉसीची घोडी. मी कान रिसीव्हरला लावून बसले; लाज वाटत नव्हती.

‘फिलोमीना, कोलम बोलतोय. लेडी क्लॉनमेलला की नेसला?’

मग ती म्हणाली, ‘ब्रीडानं मला बावीस वर्षांत एकदासुद्धा घोड्याचं विचारलं नाही रे.’

‘मग काय विचारायची?’

‘कशी आहेस, विचारायची.’

कोलमनं माझ्याकडे पाहिलं. मी हातानं खूण केली, विचार ना बाबा.

‘मग... कशी आहेस?’

पलीकडे ती रडायला लागली. कोलमनं हातानं मला बाजूला सारलं आणि माझ्याकडे पाठ केली. त्यानंतर तासाभरात मला त्याचंच काय ते ऐकू आलं, आणि तेही फार थोडं. ‘हं.’ ‘कधीपासून?’ ‘पोरांना सांगितलंस?’ ‘नाही, नाही, बोल तू. मला कुठे जायचंय?’ मध्ये एकदा त्यानं वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मी पुन्हा चहा टाकला, तोही गार झाला.

त्यानं फोन ठेवला तसं मी विचारलं, ‘हं, मग? गुरुवार की रविवार?’

‘माहीत नाही.’

‘तासभर बोललास ना?’

‘बोललो.’

‘अरे मग काय बोललास?’

‘तिचं तिचं होतं काहीतरी,’ तो म्हणाला आणि कपबशा विसळायला गेला.

मंगळवारी मजकूर आला. बाकी सगळ्या शर्यतींना घोडे होते. लेडीची नोंद असलेल्या ज्या दोन शर्यतींवर परगणा डोळे लावून बसला होता त्यांच्यापुढे लिहिलं होतं, ‘या शर्यतीत कौल नाही.’ माझा संताप झाला. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी त्याला चार लोकांसमोर बोलले की तुला स्वतःला बुडायचंच असेल तर निदान मला मान वर करून भांडायला जागा तरी ठेवायचीस. तो म्हणाला, ‘बरोबर आहे तुझं,’ आणि टेबलाच्या खणातली पेन्सिल आणि चष्मा खिशात टाकून निघून गेला. पुढच्या आठवड्यापासून आम्ही डब्लिनचे अंदाज छापायला लागलो. ते बिनचूक असतात आणि कोणी वाचत नाही.

लेडी गुरुवारीही धावली नाही आणि रविवारीही.

जानेवारीत मॉसी क्वर्कनं स्वतःच जाहीर केलं. त्याची नजर जात चालली होती. तबेला बंद, तेवीस घोडे विकायला काढलेले. उन्हाळ्यापासून फिलोमीना पहाटे त्याच्या शेजारी उभी राहून कुठला घोडा कसा पळतोय ते सांगत होती आणि तो बघितल्यासारखं करत होता. ती बातमी मी पहिल्या पानावर घेतली, आणि छापून झाल्यावर तारखा जुळवल्या. मग गाडी काढून कोलमकडे गेले.

तो मागच्या अंगणात सरपण रचत होता.

‘तुला त्या सोमवारीच माहीत होतं,’ मी म्हटलं.

‘हो.’

‘नुसतं लेडी धावणार नाही एवढं लिहिलं असतंस, तरी कॉलम वाचला असता.’

‘लोकांनी विचारलं असतं, का नाही धावणार. तू सगळ्यांच्या आधी विचारलं असतंस.’ तो हसला नाही, टोमणाही नव्हता. ‘आणि छापलंही असतंस.’

छापलं असतं. मला स्वतःची शरम वाटली आणि मी तसं सांगितलं. त्यानं हातातलं लाकूड खाली ठेवलं.

‘ते एवढंच नव्हतं, ऊना. फिलोमीनानं आणखी एक सांगितलं. ब्रीडाचं दुखणं फिलोमीनाला मार्चपासून माहीत होतं. त्या सगळ्या जणींना माहीत होतं. दर सोमवारी त्या तिला विचारत होत्या, कशी आहेस.’

‘आणि तुला?’

‘मला ऑक्टोबरात, डॉक्टरकडून.’ त्याचे हात लोंबकळत होते आणि आवाज सपाट होता, ब्रीडा गेल्यापासून होता तसाच. ‘मी त्या स्वयंपाकघराच्या दाराआड बसलेलो असायचो, तीन पावलांवर. ती आत आली की विचारायचो, मग? कोण धावणार? मार्चात तर रोज विचारत होतो. चेल्टनहॅमच्या, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शर्यती तोंडावर आल्या होत्या ना.’

एवढं बोलून तो सरपणावर बसला आणि रडायला लागला.